टेलगेट म्हणजे नक्की काय, आणि कुठे कुठला अर्थ लावायचा

माझ्या मामांचा भाजीचा टेम्पो होता, जुन्नरहून रात्री निघायचा आणि पहाटे वाशीच्या मार्केटला पोचायचा. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिकडे असलो की मला एकच काम असायचं, निघायच्या आधी मागे जाऊन फाळक्याच्या दोन्ही खिट्ट्या नीट बसल्यात का ते बघायचं, आणि मामा म्हणायचे डोळ्यांनी नको बघू, हात लावून बघ. तर तो फाळका म्हणजेच टेलगेट. एवढं डोक्यात पक्कं बसलं की या शब्दाचे बाकीचे जवळजवळ सगळे अर्थ आपोआप सुटतात, कारण रस्त्यावरचं टेलगेटिंग घ्या, ऑफिसच्या दारातलं घ्या, अमेरिकेतली पार्टी घ्या नाहीतर जॅझ संगीतातला ट्रॉम्बोन, म्हणजे ते फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, घ्या, यातलं एकूण एक त्या मागच्या फळीवरून निघालंय.

हे लिहायचं कारण म्हणजे मागे एकाच आठवड्यात हा शब्द तीनदा आला. ऑफिसच्या मेलमध्ये "टेलगेटिंग करू नये", गाडी बघायला गेलो तर शोरूमवाला म्हणाला सर याला पॉवर्ड टेलगेट आहे, म्हणजे मोटरवर आपोआप उघडणारं, आणि ओहायोत शिकणाऱ्या भाचीने फोटो टाकला त्याखाली "आज टेलगेट". घरात बायकोने विचारलं की हे तिन्ही एकच का, तेव्हा सांगायला बसलो आणि लक्षात आलं की नीट लिहूनच ठेवावं.

अर्थ ओळखायची सोपी रीत सांगतो. वाक्यात टेलगेट उघडतंय, बंद होतंय, त्यावर काहीतरी ठेवलंय, तर ती वस्तू आहे, म्हणजे फाळका किंवा डिकी. कोणीतरी कोणालातरी टेलगेट करतंय तर मागे चिकटणं आहे, आणि मग फक्त बघायचं की पुढे गाडी आहे का दार आहे का शेअरची ऑर्डर आहे. आणि "टेलगेटला येतोस का" असं कोणी विचारलं तर जेवून येऊ नका, तिथे खायला असतं. मराठीत बोलताना वस्तू असेल तर ते टेलगेट, गेट म्हणतो तसंच, आणि क्रिया असेल तर टेलगेट करणं. शेपटीचं दार वगैरे भाषांतर कृपया करू नका, आपल्याकडे फाळका हा चांगला रुळलेला शब्द आहे, ट्रक, टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टरची ट्रॉली, सगळ्यांना चालतो.

आता फाळक्याचंच आधी. हौद्याच्या तीन बाजू बंद आणि मागची बाजू खालच्या बिजागरीवर पडते, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या वॅगनला अशी फळी असायची तिला टेलगेट म्हणायला लागले, तेच नाव पुढे ट्रकला आलं. उघडताना कधीही बरोबर मागे उभं राहायचं नाही, रस्त्यात माल सरकून फाळक्यावर रेललेला असतो आणि खिट्टी काढली की फाळका आणि माल दोन्ही अंगावर येतं. बाजूला उभं राहून आधी लांबची खिट्टी काढायची, मग आपल्या जवळची, आणि फाळका हाताने धरून सावकाश खाली सोडायचा. आडवा पाडलेल्या फाळक्यावर जड पोती रचून वर आणखी दोन माणसं उभी करू नयेत, साखळ्या असल्या तरी त्या काही हौद्याइतका भार घ्यायला नसतात. आणि फाळका पाडून गाडी चालवणं तर नकोच, बऱ्याच गाड्यांत त्याने मागची नंबरप्लेट आणि लाल दिवे झाकले जातात, मागून येणाऱ्याला रात्री काहीच दिसत नाही.

गाडीच्या ब्रोशरमधलं टेलगेट म्हणजे आपण ज्याला डिकीचं दार म्हणतो ते, पण सगळ्या गाड्यांचं नाही हं. हॅचबॅक आणि एसयूव्हीचं, ज्यात मागची काचसुद्धा दाराबरोबर वर जाते, ते टेलगेट. सेडानचं नुसतं झाकण वर जातं, त्याला बूट म्हणतात. हा ब्रिटिश वापर, आपल्या कंपन्यांनी तोच घेतलाय, अमेरिकेत वर उघडणाऱ्याला लिफ्टगेट म्हणतात आणि टेलगेट म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे पिकअपचा खाली पडणारा फाळका येतो. काही गाड्यांत दोन्ही असतं, रेंज रोव्हरचं बघा, वरचा अर्धा भाग वर आणि खालचा अर्धा खाली, खालच्यावर बसून निवांत चहा पिता येतो.

पॉवर्ड टेलगेट घेतलं असेल तर पहिल्याच दिवशी एक गोष्ट करा, उंची सेट करा. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगला छत खाली असतं, वरून पाइप जातात, आणि दार पूर्ण उघडलं की त्याची कड जाऊन आपटते. बऱ्याच गाड्यांत दार हव्या त्या उंचीवर थांबवून दारावरचंच बंद करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं की बीप वाजतो आणि ती उंची लक्षात राहते. पायाने उघडणारं असेल तर किल्ली खिशात हवी आणि पाय बंपरखाली सरळ आत नेऊन सरळ बाहेर काढायचा, डावीउजवीकडे झाडू मारल्यासारखा फिरवला तर सेन्सरला कळत नाही.

आता रस्ता, आणि इथे मी जरा जास्त बोलणार कारण याच अर्थाने माणसं मरतात. पुढच्या गाडीच्या इतकं मागे चिकटायचं की जणू तिच्या फाळक्याला टेकलोय, त्याला टेलगेटिंग म्हणतात, हा वापर अमेरिकेत १९५०च्या दशकात रुळला, हायवे झाले गाड्यांचे वेग वाढले तेव्हा. मराठीत आपण बुडाला चिकटलाय म्हणतो, बरोबर तेच.

हिशोब बघा. ताशी ८० ने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, १०० ने २८ मीटर. पुढच्याचे ब्रेकलाइट दिसले, डोक्यात शिरलं, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर आला, यात जागरूक माणसाचासुद्धा एक सेकंद सहज जातो. म्हणजे दोन्ही गाड्यांचे ब्रेक अगदी सारखे असले तरी ८० च्या वेगात तुम्ही त्याच्यापेक्षा २२ मीटर उशिरा थांबायला सुरुवात करता. मध्ये १० मीटर सोडले असतील तर उरलेले १२ मीटर त्याच्या डिकीत. यात ड्रायव्हर किती सराईत आहे याचा काही संबंध नाही, हे नुसतं गणित आहे.

मीटर कोणाला मोजता येत नाहीत म्हणून सेकंद मोजायचे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून किंवा पुलाच्या सावलीतून गेली की मनात म्हणायचं एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन, आणि तीन म्हणून संपायच्या आत तुम्हीच तो खांब ओलांडला तर जवळ आहात, पाय उचला. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये कोरड्या रस्त्याला किमान दोन सेकंद आणि ओल्या रस्त्याला दुप्पट सांगितलंय, जर्मनीत लोकांना शिकवतात की स्पीडोमीटरवर जो आकडा त्याच्या निम्मे मीटर ठेवा, १०० ला ५०. मी आपल्या रस्त्यांवर तीनच सेकंद धरतो कारण आपल्याकडे पुढचा का थांबेल याचा काही नेम नसतो, कुत्रं असेल, खड्डा असेल, उलटा येणारा दुचाकीवाला असेल. पावसात मी सहा मोजतो, आणि ८० ला तीन सेकंद म्हणजे ६६ मीटर, साधारण साडेपाच बस एकामागे एक लावल्या तर तेवढं, पहिल्यांदा ते अंतर खूपच वाटतं पण सवय होते.

यावर सगळे एकच बोलतात, अंतर ठेवलं की मध्ये दुसरा घुसतो. घुसू द्या. तो घुसला की पाय उचलून परत तीन सेकंद करा, एका माणसाने तुमचे तीन सेकंद गेले. मुंबई-पुणे करताना वीस जण घुसले तरी एक मिनिट झालं. एक मिनिट उशिरा पोचलात तर घरी कोणाला कळणारसुद्धा नाही.

ट्रकच्या मागे असाल तर अजून मागे राहा. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, साधी खूण. घाटात चढावर भरलेला ट्रक गियर बदलताना थोडा मागे येऊ शकतो, तिथे इतकी जागा हवी की स्टेअरिंग फिरवून बाजूने निघता येईल. आणि उसाच्या हंगामात सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर भागात रात्री गाडी चालवत असाल तर ट्रॉलीची मला फार भीती वाटते, फाळक्याच्या बाहेर चार-चार फूट ऊस लोंबत असतो, मागचा दिवा असला तर त्या पाल्यात झाकलेला, आणि एकामागे दुसरी ट्रॉली जोडलेली. एकदा माझ्या हेडलाइटच्या उजेडात आधी नुसता हिरवा पाला दिसला, मला वाटलं झाड पडलंय, ती ट्रॉली होती आणि चालू होती. त्या रात्री तीन सेकंद होते म्हणून मी आज हे लिहितोय. ट्रॉलीवाल्यांनाही हात जोडून सांगणं आहे, रिफ्लेक्टर उसाच्या बाहेर येईल असा बांधा, फाळक्यावर लावलेला दिसत नाही.

कोणी तुमच्या मागे चिकटलं असेल तर? त्याला धडा शिकवायला उगाच ब्रेक मारू नका, हे बरेच लोक करतात आणि त्यात मागच्या सीटवर बसलेल्यांना लागतं. करायचं एवढंच की स्वतःच्या पुढचं अंतर आणखी वाढवायचं, म्हणजे तुम्हाला एकदम ब्रेक मारायची वेळच येणार नाही, मग इंडिकेटर देऊन डावीकडे या आणि त्याला जाऊ द्या. आपल्या २०१७ च्या मोटार वाहन ड्रायव्हिंग नियमांतही पुढच्या वाहनापासून पुरेसं अंतर ठेवा असं सांगितलंय, आणि इंग्लंडमध्ये तर २०१३ पासून टेलगेटिंगला पोलीस जागेवर १०० पौंड दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट देतात. टोलनाक्यावरसुद्धा पुढच्याला चिकटू नका, त्याच्यासाठी उघडलेला दांडा तुमच्या बॉनेटवर येतो.

ऑफिसचं टेलगेटिंग म्हणजे कोणीतरी कार्ड लावून दार उघडलं की दार बंद व्हायच्या आत त्याच्या मागोमाग आपलं कार्ड न लावता आत शिरणं. पुढच्याला माहीतच नसेल तर टेलगेटिंग, आणि त्याने ओळखीने किंवा भिडेखातर दार धरून ठेवलं असेल तर पिगीबॅकिंग, ट्रेनिंगच्या परीक्षेत हा फरक विचारतात म्हणून सांगितलं, एरवी लोक दोन्हीला टेलगेटिंगच म्हणतात.

आपल्याला हे अवघड जातं कारण मागून येणाऱ्यासाठी दार धरणं हे आपण सभ्यपणा म्हणून शिकलोय. माझ्याकडून हे झालंय. दोन्ही हातांत वाढदिवसाच्या केकचे डबे घेतलेला एक माणूस मागून आला, मी दार धरलं, तो थँक यू सर म्हणाला आणि आत गेला, संध्याकाळी कळलं की तो बाहेरून बोलावलेला तपासणीवाला होता आणि त्याने दोन डेस्कवरचे उघडे लॅपटॉप फोटोसकट नोंदवले होते. मला वाईट याचं वाटलं की मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं, फक्त डब्यांकडे. तेव्हापासून मी डबे हातात घेतो आणि म्हणतो, "आणा इकडे, मी धरतो, तुम्ही कार्ड लावा." अपमानही होत नाही आणि दारही नीट उघडतं. हाउसकीपिंगच्या मावशी असोत नाहीतर वरचे साहेब, वाक्य तेच.

कार्ड लावायची अजून दोन कारणं आहेत जी ट्रेनिंगमध्ये घाईघाईत सांगतात. एक म्हणजे आग लागली तर बऱ्याच ठिकाणी आत किती माणसं आहेत ते त्या कार्डांच्या नोंदीवरून काढतात, तुम्ही दुसऱ्याच्या मागून आला असाल तर यादीत तुम्ही नाहीच, मग तुम्हाला शोधायला कोण जाणार. दुसरं, काही सिस्टीममध्ये आत आल्याची नोंद नसेल तर बाहेर जातानाचं दार उघडत नाही. सोसायटीतही हेच लागू आहे, लॉबीचं दार तुमच्यामागे बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत लिफ्टकडे जाऊ नका.

आता पार्टी. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे त्यांचा तो अंडाकृती बॉलचा खेळ, कॉलेजच्या मॅचेस मुख्यतः शनिवारी आणि प्रोफेशनल मुख्यतः रविवारी, सप्टेंबरपासून थंडीपर्यंत. मॅचच्या चार-पाच तास आधी लोक स्टेडियमच्या पार्किंगमध्ये गाड्या लावतात, पिकअपचा फाळका खाली पाडतात, त्याचंच टेबल करतात, शेजारी शेगडी पेटवतात आणि खाणंपिणं सुरू, याला टेलगेट म्हणतात. याची मुळं सांगताना काही जण पार अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या १८६१ च्या बुल रनच्या लढाईपर्यंत जातात, वॉशिंग्टनचे लोक तेव्हा घोडागाड्यांत टोपल्या भरून खाणं घेऊन लढाई बघायला गेले होते, हे खरं आहे, पण त्यातून आजची पद्धत आली असं मला वाटत नाही, स्टेशन वॅगन आणि पिकअप घरोघर आल्यावरच हे एवढं फोफावलं असणार.

जागेप्रमाणे रंग बदलतो. विस्कॉन्सिनमध्ये ग्रीन बेला ब्रॅटवुर्स्ट नावाचे जर्मन पद्धतीचे सॉसेज, लुइझियानात मोठ्या पातेल्यात जांबालाया, जो आपल्या मसालेभातासारखा एका भांड्यात शिजतो पण त्यात कोळंबी आणि सॉसेज असतं, मिसिसिपीच्या ऑक्सफर्डला ग्रोव्ह नावाच्या झाडीत तंबूच तंबू, आणि सिॲटलला युनिव्हर्सिटीचं स्टेडियम तळ्याकाठी आहे तर लोक बोटी घेऊन येतात, त्याला सेलगेटिंग म्हणतात.

तिकडे शिकायला गेलेल्या मुलांना कोणी बोलावलं तर जरूर जा, मॅचचं तिकीट नसलं तरी टेलगेटला जाता येतं. रिकाम्या हाताने जाऊ नका, बर्फ किंवा कोल्ड्रिंक नेलं तरी चालतं, बर्फ तर सगळ्यांनाच कमी पडतो. यजमान ज्या टीमचे त्या टीमच्या रंगाचा शर्ट घाला, समोरच्या टीमचा रंग चुकून घालू नका. शाकाहारी असाल तर आधीच सांगा आणि सोबत ॲल्युमिनियम फॉइल न्या, शेगडीच्या एका कोपऱ्यात फॉइल पसरून त्यावर आपलं भाजता येतं. माझी भाची मक्याची कणसं घेऊन गेली, त्यांच्याच कोळशावर भाजली, अर्ध्या लिंबाने तिखटमीठ चोळलं, आणि शेजारच्या दोन गाड्यांवरचे लोक विचारायला आले की हे काय लावलंय, पुढच्या शनिवारी तिला फोन करून कणसं आण म्हणून सांगितलं. दारूचं वय तिकडे २१ आहे आणि नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, काचेच्या बाटल्या बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत. निघताना निखारे पाणी टाकून पूर्ण विझवायचे, हाताला गार लागेपर्यंत, गरम शेगडी गाडीखाली सरकवून मॅचला जायचं नाही.

तिथे एक खेळ हमखास असतो, कॉर्नहोल. चार फूट लांब दोन फूट रुंद तिरक्या फळीला वरच्या बाजूला भोक, २७ फुटांवरून छोट्या पिशव्या टाकायच्या, भोकात गेली तर तीन गुण, फळीवर राहिली तर एक, २१ ला डाव. पिशवी चेंडूसारखी उंच फेकू नका, खालून हात नेऊन सपाट, स्वतःभोवती गोल फिरत जाईल अशी सोडा, म्हणजे फळीवर घसरत भोकात जाते.

शेअरबाजारातलं टेलगेटिंग म्हणजे मोठ्या ग्राहकाची ऑर्डर टाकल्या टाकल्या ब्रोकरने त्याच्या मागोमाग स्वतःसाठी तोच शेअर घेणं, या माणसाला काहीतरी माहीत असणार या भरवशावर. ग्राहकाच्या आधी घेतला तर फ्रंट रनिंग, ज्याला सेबीच्या २००३ च्या नियमांत बंदी आहे. बांधकाम आणि लाइनमनच्या कामात टेलगेट मीटिंग म्हणजे काम सुरू करायच्या आधी ट्रकच्या मागे उभं राहून पाच-दहा मिनिटं सुरक्षिततेचं बोलणं, आपल्या साइटवर त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. आणि इंग्लंडच्या जुन्या कालव्यांवर बोटी वरखाली करायच्या कुंडाचं खालच्या बाजूचं दार म्हणजे टेल गेट, आपल्याकडे पाटाचं टेल म्हणतो ना, टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं का, तीच टेल.

राहिला ट्रॉम्बोन. न्यू ऑर्लिन्सला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बँड घोड्यांच्या वॅगनमध्ये बसून नाचाच्या कार्यक्रमांची जाहिरात करत गावभर फिरायचे. ट्रॉम्बोनची नळी वाजवताना हातभर पुढे सरकवावी लागते, गर्दीत बसला तर पुढच्याच्या मानेत जाणार, म्हणून त्या वादकाला सगळ्यात मागे बसवायचे आणि तो नळी पाडलेल्या फाळक्यावरून बाहेर काढून वाजवायचा. त्या वाजवण्यालाच टेलगेट ट्रॉम्बोन म्हणायला लागले. १८८६ साली जन्मलेला किड ओरी यातला सगळ्यात नावाजलेला, पुढे जॅझमध्ये जगप्रसिद्ध झालेला लुई आर्मस्ट्राँग तरुणपणी त्याच्या बँडमध्ये होता. ऐकायचं असेल तर ओरीच्या १९२०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका काढा आणि पहिल्यांदा कॉर्नेटकडे, म्हणजे ट्रम्पेटसारख्या छोट्या वाद्याकडे, लक्षच देऊ नका, मुख्य चाल ती वाजवते आणि कान तिकडेच ओढला जातो. क्लॅरिनेट वर नाचत असते तीही सोडून द्या. खाली, सगळ्यांच्या मागे, एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेतल्यासारखा घसरत जाणारा जाड आवाज पकडा. एकदा तो सापडला की ओळ संपताना पुढच्या ओळीत तोच सगळ्यांना ढकलत नेतो हे ऐकू यायला लागतं.